अर्धवट टाकलेलें घर आणि कंत्राटदाराचा परवाना

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी एक जुनी म्हण आहे. परंतु या दोन संकटांत एक मोठा फरक आहे. लग्नाची धांवपळ कितीही असली तरी अक्षता पडल्या कीं ती संपते. बांधकाम सुरू करण्यास मुहूर्त पाहतां येतो. तें संपण्याचा मुहूर्त मात्र बहुधा कंत्राटदाराच्या मर्जीवर अवलंबून असतो. भिंत पाडून झालेली आहे, मोरीचे नळ उघडे पडले आहेत, फरशीच्या पेट्या ओटीवर रचल्या आहेत, चूल शेजघरांत मांडावी लागली आहे; आणि ज्यानें हें सर्व आरंभिलें तो गृहस्थ पैसे घेऊन गेल्यावर प्रथम 'उद्यां येतों' म्हणतो, मग 'माणसें मिळत नाहींत' म्हणतो, आणि शेवटीं कांहींच म्हणेनासा होतो. पुष्कळ कुटुंबांस या अनुभवांतून जावें लागलें आहे.

अशा वेळीं घरांतील सर्वांच्या तोंडून एकच वाक्य निघतें : 'त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे.' वाक्य रास्त आहे. परंतु त्यांत दोन निरनिराळ्या मागण्या एकत्र मिसळलेल्या असतात, हें बोलणाराच्या लक्षांत येत नाहीं. एक मागणी अशी कीं, गेलेले पैसे परत मिळावे. दुसरी अशी कीं, या माणसानें पुन्हां कोणास फसवूं नये. पहिली भरपाईची मागणी होय, दुसरी शिस्तीची. शाळेंत एखाद्या दांडगट मुलानें दुसऱ्याची पाटी फोडली आणि मुख्याध्यापकांनीं त्याचें नांव पटावरून कमी केलें, तर त्यामुळें फुटलेली पाटी सांधली जात नाहीं. परंतु वर्गांतील इतर पाट्या सुरक्षित होतात. कंत्राटदारावरील शिस्तीची कारवाईही याच जातीची आहे. तिच्यापासून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें आधींच समजून घेतलें तर पुढील निराशा बरीचशी टळते.

ही गोष्ट नीट पाहावयाची असेल तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया या राज्याचें उदाहरण उपयोगी पडतें. तेथें घरबांधणीचा व दुरुस्तीचा धंदा हा डॉक्टर-वकिलांच्या धंद्याप्रमाणेंच परवान्याचा धंदा मानला जातो. या कामासाठीं १९२९ सालीं तेथील विधिमंडळानें एक स्वतंत्र खातें स्थापन केलें. १९३५ सालीं त्याचा कारभार एका मंडळाच्या हातीं देण्यांत आला. आणि १९३८ पासून परवाना मागणारास परीक्षा देणें भाग पडलें. आज या मंडळाचे सभासद पंधरा आहेत, आणि त्यांत कंत्राटदारांपेक्षां सामान्य जनतेच्या बाजूचे सभासद अधिक आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. धंदेवाल्यांचा न्याय केवळ धंदेवाल्यांनींच करूं नये, हें तत्त्व त्यांत दिसून येतें. परवाना मिळण्यास त्या कामाचा निदान चार वर्षांचा अनुभव लागतो. ज्या कामाची एकूण किंमत एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक आहे, तें काम परवान्याशिवाय घेतां येत नाहीं. १ जानेवारी २०२५ पूर्वीं ही मर्यादा पांचशें डॉलर होती. त्याहून लहान कामासही, तें करण्यास सरकारी मंजुरी लागत असेल किंवा हाताखालीं नोकर लावले असतील, तर परवाना लागतोच. सनीव्हेल, फ्रीमाँट अशा शहरांतून स्वतःचीं घरें घेऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांस हा कायदा प्रत्यक्ष लागू पडतो; इतरांस तो विचार करण्यास एक चांगला नमुना म्हणून उपयोगी पडेल.

या राज्याच्या व्यवसायविषयक कायद्याचें ७१०७ वें कलम अगदीं लहान आहे. परवानाधारकानें हातीं घेतलेलें बांधकाम कायदेशीर सबबीवांचून सोडून देणें हें शिस्तीच्या कारवाईस पुरेसें कारण होय, एवढाच त्याचा आशय. परंतु या लहानशा वाक्यांतील दोन शब्दांवर सगळा भार आहे : एक 'सोडून देणें' आणि दुसरा 'सबब'. काम चार दिवस बंद राहिलें म्हणजे तें सोडून दिलें असें होत नाहीं. पाऊस लागतो, माल उशिरा येतो, गवंडी आजारी पडतो. काम थांबलें आहे आणि तें पुन्हां हातीं घेण्याचा कंत्राटदाराचा विचार नाहीं, अशा दोन्ही गोष्टी त्याच्या वागण्यावरून दिसल्या पाहिजेत. त्यानें हत्यारें उचलून नेलीं, पत्रांस उत्तर देणें बंद केलें, ठरलेल्या तारखा एकामागून एक मोडल्या, दरम्यान दुसऱ्या ठिकाणीं नवें काम सुरू केलें, असा पुरावा जमूं लागला म्हणजे त्याचा हेतु उघड होतो.

सबबीचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वेळीं दोष कंत्राटदाराचाच असतो असें नाहीं. घरमालकानें झालेल्या कामाचा ठरलेला हप्ता दिला नाहीं, रागाच्या भरांत दाराला कुलूप घातलें, दर आठवड्यास नकाशा बदलला, किंवा नगरपालिकेनें काम थांबविण्याचा हुकूम दिला, तर कंत्राटदारास काम थांबविण्यास योग्य कारण मिळूं शकतें. म्हणून ज्या घरमालकास पुढें तक्रार करावयाची आहे त्यानें प्रथम आपल्या बाजूचें वर्तन निर्दोष ठेवलें पाहिजे. कंत्राटदारास लेखी कळवावें कीं काम अमुक दिवसापासून बंद आहे, अमुक तारखेपर्यंत तें सुरू करावें. त्या पत्राची नक्कल ठेवावी. अर्धवट कामाचीं छायाचित्रें काढावीं. आणि हें सर्व होण्यापूर्वीं दुसऱ्या माणसास बोलावून पहिल्याच्या कामाची मोडतोड करूं नये. मोडलेल्या पुराव्यावर तपासनिसाला निकाल देतां येत नाहीं.

सोडून देण्याच्या कलमाशेजारींच त्याचीं भावंडें शोभावीं अशीं आणखी कांहीं कलमें आहेत. एका कामासाठीं घेतलेले पैसे दुसरीकडे वळविणें हा ७१०८ व्या कलमाखालीं स्वतंत्र गुन्हा आहे. नकाशा किंवा धंद्यांतील मान्य रीत सोडून काम करणें हा ७१०९ खालीं. आणि ठरलेल्या किमतींत काम पुरें न करणें हा ७११३ खालीं. प्रत्यक्षांत हे दोष एकमेकांच्या हातांत हात घालून येतात. पहिल्या घरचा माल दुसऱ्या घरच्या आगाऊ पैशांतून आणावयाचा, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या पैशांतून, असा फेरा एकदां सुरू झाला कीं नवें काम मिळेनासें होतांच सगळींच कामें एकदम बंद पडतात. पुष्कळदां काम सोडून जाणारा माणूस आरंभापासून लबाड असतो असें नाहीं. तो आपल्या हिशेबांत बुडालेला असतो. परंतु ज्याच्या घराची भिंत उघडी पडली आहे त्यास या भेदाचा कांहीं उपयोग नसतो.

हा फेरा मुळांतच तोडण्यासाठीं कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें आगाऊ रकमेवर मर्यादा घातली आहे, आणि सर्व व्यवस्थेंत हीच तरतूद गृहस्थाच्या सर्वांत अधिक कामाची आहे. घरदुरुस्तीच्या करारांत कंत्राटदारास आगाऊ म्हणून एक हजार डॉलर किंवा करारी किमतीच्या शेंकडा १०, यांपैकीं जी रक्कम कमी असेल तेवढीच घेतां येते. काम सहा हजारांचें असेल तर आगाऊ सहाशें. काम दहा हजारांचें असेल तर एक हजार. आणि काम चाळीस हजारांचें असलें तरीही एक हजारच. पुढील हप्तेही मनास येतील तसे मागतां येत नाहींत. जेवढें काम झालें असेल किंवा जेवढा माल जागेवर येऊन पडला असेल, त्याच्या किमतीहून अधिक पैसे मागणें किंवा घेणें बेकायदेशीर आहे. संपूर्ण कामाची व देण्याची हमी देणारें मंजूर जामीनपत्र ज्यानें दिलें आहे अशा कंत्राटदारासच यांतून सूट मिळते. हा नियम मोडणें हा केवळ परवान्याचा प्रश्न नसून दंडनीय अपराध आहे. त्यास शंभर ते पांच हजार डॉलर दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

या नियमामागील तर्क सोपा आहे. घरमालकाचे पैसे आणि कंत्राटदाराचें काम या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या गोष्टी होत. पैशांचें पारडें जड झालें कीं कंत्राटदारास परत येण्याचें कारण उरत नाहीं. कामाचें पारडें किंचित् जड असलें म्हणजे राहिलेले पैसे घेण्यासाठीं तरी तो परत येतो. कायदा माणसाच्या सज्जनपणावर विसंबून राहात नाहीं. सज्जन राहणेंच त्याच्या फायद्याचें होईल अशी व्यवस्था करतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. एका कुटुंबानें स्वयंपाकघर नवें करण्याचा करार चाळीस हजार डॉलरांस केला असें समजावें. कंत्राटदार गोड बोलून निरनिराळ्या कारणांनीं बावीस हजार घेऊन गेला, आणि चौदा हजारांचें काम करून नाहींसा झाला. म्हणजे झालेल्या कामापेक्षां आठ हजार डॉलर अधिक त्याच्या खिशांत गेले. हप्त्यांच्या नियमाचा भंग येथें स्पष्ट दिसतो. परंतु कुटुंबाचें खरें नुकसान आठ हजारांचें नाहीं. उरलेलें काम पुरें करण्यास दुसरा परवानाधारक एकोणतीस हजार मागतो, कारण दुसऱ्याच्या अर्धवट कामांत हात घालणें नेहमींच महाग पडतें. कुटुंबाजवळ मूळ करारापैकीं अठरा हजार शिल्लक आहेत. एकोणतीस वजा अठरा म्हणजे अकरा हजार डॉलर, हें खरें नुकसान. तक्रार करणाराजवळ हा हिशेब आंकड्यांत तयार असावा लागतो. नुसती 'त्यानें आम्हांला बुडविलें' एवढी हकीगत पुरत नाहीं.

आतां तक्रारीचा प्रवास पाहूं गेल्यास तो असा आहे. अपराध घडल्यापासून सामान्यतः चार वर्षांच्या आंत मंडळाकडे लेखी तक्रार करावी लागते. तिच्यासोबत करार, दिलेल्या पैशांच्या पावत्या, पत्रव्यवहार व छायाचित्रें जोडावयाचीं असतात. मंडळाचा नोकर प्रथम दोन्ही पक्षांशीं बोलून समेट होतो का पाहतो; पुष्कळ कंत्राटदार मंडळाचें पत्र येतांच कामावर हजर होतात, कारण परवाना हीच त्यांची भाकरी असते. समेट न झाल्यास प्रकरण तपासनिसाकडे किंवा लवादाकडे जातें. जरूर पडल्यास त्या धंद्यांतील एखादा तज्ज्ञ जागेवर येऊन काम पाहतो, आणि तें पुरें करण्यास किती खर्च येईल याचा अहवाल देतो.

तपासांत दोष सिद्ध होण्याजोगा दिसला तर कारवाईचे दोन मार्ग असतात. सौम्य मार्ग असा कीं, मंडळाचा रजिस्ट्रार लेखी दोषपत्र काढतो. त्यांत दंड असतो, आणि काम दुरुस्त करण्याचा किंवा नुकसान भरून देण्याचा हुकूमही असूं शकतो. तो पाळला नाहीं तर परवाना निलंबित होतो आणि पुढें रद्द होतो. गंभीर प्रकरणीं दुसरा मार्ग धरतात : राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीमार्फत रीतसर आरोपपत्र दाखल होतें, आणि मंडळाबाहेरील स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशापुढें सुनावणी होते. तेथें कंत्राटदारास वकील देण्याचा, साक्षीदार आणण्याचा व उलटतपासणीचा पूर्ण हक्क असतो. एखाद्याची उपजीविका काढून घ्यावयाची ती त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून घेऊं नये, हा न्यायाचा पहिला धडा आहे. निकाल विरुद्ध गेल्यास परवाना कांहीं काळ निलंबित होतो, किंवा कायमचा रद्द होतो, किंवा रद्द करण्याचा हुकूम तहकूब ठेवून कंत्राटदारास कांहीं अटींवर देखरेखीखालीं काम करूं दिलें जातें. घरमालकाचें नुकसान भरून देणें ही त्या अटींपैकीं एक असूं शकते.

परवाना रद्द होण्याचा परिणाम काय होतो? निदान एक वर्ष आणि फार तर पांच वर्षें त्या माणसास नव्या परवान्यासाठीं दार बंद होतें. आणि नंतरही मागचें नुकसान भरून दिल्यावांचून व जादा जामीनपत्र दिल्यावांचून तें सहजीं उघडत नाहीं. आपल्याकडे ओळखीची असलेली एक युक्ति म्हणजे जुनी पाटी उतरवून मेहुण्याच्या नांवानें नवी पाटी लावणें. तीही तेथील कायद्यानें हेरून ठेवली आहे. परवाना रद्द झालेल्या माणसास दुसऱ्या परवानाधारक संस्थेंत भागीदार, अधिकारी किंवा चालक म्हणून राहतां येत नाहीं. याखेरीज शिस्तीची नोंद लोकांपुढें उघडी ठेवली जाते : दोषपत्राची नोंद त्याची पूर्तता झाल्यावर पांच वर्षें, निलंबनाची सात वर्षें, आणि परवाना रद्द झाल्याची नोंद कायमची. कोणीही गृहस्थ घरबसल्या परवान्याचा क्रमांक घालून ती पाहूं शकतो. दंडाची रक्कम माणूस विसरतो; गिऱ्हाइकास दिसणारी नोंद विसरतां येत नाहीं. या शिस्तीचें खरें बळ त्या उघड्या वहींत आहे.

परंतु फुटलेल्या पाटीचें काय? वर मांडलेल्या कुटुंबाचे अकरा हजार डॉलर कोठून येणार? येथें शिस्तीची मर्यादा दिसून येते. मंडळ हें कांहीं दिवाणी न्यायालय नव्हे. तें परवान्यावर हात टाकूं शकतें, पण कंत्राटदाराची तिजोरी फोडून पैसे आणून देऊं शकत नाहीं. ज्या माणसानें धंदाच बंद केला, किंवा ज्याचें दिवाळें निघालें, त्याला परवाना जाण्याची भीति ती काय? भरपाईसाठीं म्हणून तीन निराळीं साधनें आहेत, आणि तिन्ही ओळखून असलीं पाहिजेत.

पहिलें साधन म्हणजे जामीनपत्र. प्रत्येक कंत्राटदारास एखाद्या जामीन राहणाऱ्या कंपनीचें जामीनपत्र मंडळाकडे ठेवावें लागतें. त्याची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पंचवीस हजार डॉलर आहे. पूर्वीं ती पंधरा हजार होती. मात्र हें जामीनपत्र दर घरामागें नसून सर्व घरें मिळून एकच आहे. एका कंत्राटदारानें पांच घरें अर्धवट टाकलीं तर पांच कुटुंबांस एकाच ताटांत जेवावें लागतें. दुसरें साधन म्हणजे लहान दाव्यांचें न्यायालय. तेथें १ जानेवारी २०२४ पासून व्यक्तीस साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा लावतां येतो, आणि सुनावणींत कोणत्याच पक्षाच्या वतीनें वकील उभा राहात नाहीं. वरील कुटुंबाचा अकरा हजारांचा दावा तेथें बसतो. तिसरें साधन हें या दोहोंस जोडणारें आहे. बांधकामाच्या बाबतींत न्यायालयानें दिलेला अंतिम हुकूमनामा कंत्राटदारानें नव्वद दिवसांत फेडला नाहीं, तर तो फिटेपर्यंत त्याचा परवाना निलंबित राहतो. येथें शिस्त भरपाईच्या मदतीस येते. ज्यास धंदा चालू ठेवावयाचा आहे त्यास ऋण फेडण्यावांचून गति राहात नाहीं.

आणखी एका संकटाची कल्पना सहसा कोणास नसते. कंत्राटदार पळाला, आणि त्यानें पोटकंत्राटदाराचे, मजुरांचे व लांकूडवाल्याचे पैसे थकविले असले, तर ते लोक त्या घरावरच बोजा चढवूं शकतात. कष्टकऱ्यांचा हा हक्क कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेंतच नमूद आहे. त्यांच्या बाजूनें पाहिलें तर तो न्याय्यही आहे. त्यांचा घाम त्या भिंतींत मुरलेला असतो. परंतु घरमालकानें मुख्य कंत्राटदारास पुरे पैसे दिलेले असले तरी हा बोजा चढूं शकतो, आणि एकाच कामाचे पैसे दोनदां मोजण्याची पाळी येते. म्हणून प्रत्येक हप्ता देतांना, आपल्या मागील कामाचे पैसे पोंचले व आतां बोजाचा हक्क राहिला नाहीं, अशी लेखी मोकळीक पोटकंत्राटदारांकडून व माल पुरविणारांकडून घेण्याची चाल तेथें सांगितली जाते. ज्यानें ही दक्षता घेतली, त्याच्या घरीं कंत्राटदाराची पळण्याची दुर्बुद्धि एका घरापुरतीच महाग पडते, दोनदां नाहीं.

स्वस्ताच्या मोहानें बिनपरवान्याचा माणूस लावणाराची स्थिति आणखी निराळी आहे. ज्याच्याजवळ परवानाच नाहीं त्याचा परवाना काढून घेणार कोण? त्याच्यामागें जामीनपत्रही नसतें. कायद्यानें एक तीव्र उपाय ठेवला आहे : अशा माणसास मजुरीसाठीं न्यायालयांत दावा लावतां येत नाहीं, उलट घरमालक त्यास दिलेले सर्व पैसे परत मागूं शकतो. ज्या भागांत आग किंवा भूकंप होऊन सरकारनें आपत्ति जाहीर केली आहे, तेथें परवान्याशिवाय कंत्राट घेणें हा अधिक गंभीर फौजदारी गुन्हा ठरूं शकतो. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिस भागांतील आगींत हजारों घरें जळालीं, तेव्हां हें कलम किती जरूरीचें आहे हें सर्वांच्या ध्यानीं आलें. जळलेल्या घरापुढें उभा असलेला माणूस कोणाच्याही आश्वासनावर विश्वास ठेवावयास तयार असतो. परंतु हुकूमनामा हातीं आला तरी वसुली त्या माणसाच्या ऐपतीवर अवलंबून राहते, हें विसरतां कामा नये.

हें सर्व ऐकून 'आपल्याकडे काय?' असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहजच येईल. महाराष्ट्रांत विजेचें काम घेणाऱ्या कंत्राटदारास राज्याचा परवाना लागतो, नळाचें काम करणारांस महानगरपालिका परवाने देतात. परंतु गवंडी, फरशीवाला, रंगारी किंवा सर्व घराची सजावट अंगावर घेणारा कंत्राटदार यांच्यासाठीं कॅलिफोर्नियासारखें शिस्तीचें मंडळ नाहीं. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं २०१७ सालीं स्थापन झालेलें 'महारेरा' हें प्राधिकरण विक्रीसाठीं इमारती बांधणाऱ्या प्रवर्तकांची नोंदणी करतें व ती रद्दही करूं शकतें. पण स्वतःच्या राहत्या घरांत मोरी दुरुस्त करणारा कंत्राटदार त्याच्या कक्षेंत येत नाहीं. अशा वेळीं आधार आहे तो ग्राहक कायद्याचा. घरबांधणी ही 'सेवा' होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत स्पष्ट केलें. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालीं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी लागते, आणि दिलेला मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढें चालते. पोलिसांकडे जाण्याचा विचार प्रथम मनांत येतो खरा. परंतु केवळ करार मोडणें म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे, आरंभापासूनच फसविण्याचा हेतु होता हें दाखवावें लागतें. म्हणजे आपल्याकडे भरपाईचा मार्ग आहे, शिस्तीचा मात्र नाहीं. फुटलेल्या पाटीची किंमत मागतां येते. पटावरून नांव कमी करणारा कोणी नाहीं, कारण पटच नाहीं.

आणि म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या व्यवस्थेंतील जो भाग कोणत्याही मंडळावांचून अमलांत आणतां येतो तो येथें अधिक मोलाचा ठरतो. कागदावर करार करावा. त्यांत कामाचा तपशील, आरंभाची व समाप्तीची तारीख आणि प्रत्येक हप्त्याचा आंकडा असावा. तेथें तर ठरल्या तारखेपासून वीस दिवसांत काम योग्य कारणावांचून सुरू न करणें हाच नियमभंग मानला जातो. बदल सुचला तर तो काम करण्यापूर्वीं लिहून त्याची किंमत ठरवावी. आगाऊ रक्कम थोडी द्यावी, हप्ता झालेल्या कामामागून द्यावा, आणि शेवटचा हप्ता शेवटची फरशी बसल्यावरच द्यावा. पहिल्याच दिवशीं अर्धे पैसे मागणारा कंत्राटदार 'माल आणावयाचा आहे' असें कारण सांगतो. तें खरें असेल तर माल दुकानांतून स्वतः विकत घेऊन द्यावा. पावतीही घरांत राहते आणि मालही. जो कंत्राटदार प्रामाणिक आहे त्यास यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. उलट, झालेल्या कामाचे पैसे त्याच दिवशीं हातावर ठेवणारा घरमालक त्यासही हवाच असतो. मजुरांची शनिवारची मजुरी त्याच पैशांवर चालते. कराराचा धाक दोन्ही बाजूंस सारखा असावा.

शिस्तीचें मंडळ असणें ही मोठी सोय आहे, यांत संशय नाहीं. त्यामुळें अप्रामाणिक माणसाची वाट अडते, आणि पुढील घरचा गृहस्थ सावध होतो. परंतु मंडळाचा हुकूम निघेपर्यंत महिने जातात, आणि तेवढे महिने चूल शेजघरांतच राहते. परवाना रद्द होणें ही झालेल्या अन्यायाची नोंद होय, अन्यायाचा प्रतिबंध नव्हे. प्रतिबंध करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारनें दिलेला नसून तो प्रत्येक गृहस्थाजवळ आधींपासूनच असतो. जोंपर्यंत पैसे आपल्या हातांत आहेत आणि काम त्यांच्या पुढें एक पाऊल आहे, तोंपर्यंत कंत्राटदार उद्यां खरोखरच येतो.